माळावरच्या तणाला मेंढ्यांची चराई: वेळ, हिशेब आणि खबरदारी

मुंबईत राहणाऱ्या ज्या कुटुंबांची माण, खटाव किंवा पुरंदरकडे वडिलोपार्जित माळजमीन आहे, त्यांना दरवर्षी गावी गेल्यावर गवताऐवजी तणच माजलेले दिसते. मेंढ्यांच्या चराईने त्यातले काही तण निश्चित आटोक्यात येते. मात्र कोणते तण, केव्हा आणि किती दिवस चारायचे, हे आधी ठरवावे लागते.

प्रथम तण ओळखावे. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, मेंढ्यांवर कधीही सोपवू नये. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे तण जनावरांना विषारी आहे आणि पोटात गेल्यास दूध कडू करते. ते फुलण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. घाणेरीने यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते, म्हणून तीही तोडून आणि खणूनच काढावी. वेड्या बाभळीच्या शेंगा मेंढ्या आवडीने खातात, पण बी लेंड्यांतून शाबूत बाहेर पडून रुजते. त्यामुळे शेंगा पिकल्यावर कळप तिकडे नेणे म्हणजे बाभळीची पेरणी करणेच होय. एकदांडीसारखी रुंद पानांची कोवळी तणे मात्र मेंढ्या खातात, आणि चराईचा खरा उपयोग अशाच तणांवर होतो.

अमेरिकेच्या उत्तरेकडील कुरणांत युरेशियातून आलेल्या एका चिकाळ तणावर, लीफी स्पर्जवर, हाच उपाय केला जातो. गायी ते टाळतात, मेंढ्या खातात. पण त्याची मुळे काही मीटर खोल जात असल्याने एका हंगामात ते मरत नाही आणि सलग काही वर्षे चराई करावी लागते. बहुवर्षायू तणाबाबत आपणही हीच अपेक्षा ठेवावी.

वेळेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तणाला कळ्या येऊ लागतात पण बी धरलेले नसते, तो काळ साधावा. आपल्याकडे तो साधारणपणे जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत येतो. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे त्यांचे तळ, कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून घाटावरच्या जमिनीला पावसाळ्यात कळप मिळू शकतो, पण कर्जत-मुरबाडकडच्या जमिनीवर कळप पोहोचतो तोवर तणाचे बी गळून गेलेले असते. तेथे पावसाळ्यात तण कापणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, हे मी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

किती दिवस चारायचे, याचा अंदाज घरचा तराजू घेऊनही काढता येतो. चार-पाच ठिकाणी एक-एक चौरस मीटरवरचा हिरवा पाला कापून तोलावा आणि सरासरी काढावी. ती ४०० ग्रॅम आली, तर एकरी साधारण १,६०० किलो पाला होतो; त्यातला निम्माच चारायचा. एक मोठी मेंढी दिवसाला चार ते पाच किलो हिरवा पाला खाते. म्हणजे १०० मेंढ्यांना एका एकरावरचा पाला सुमारे दोन दिवस पुरतो. कळप विखुरला, तर मेंढ्या आवडीचे तेवढे वेचून खातात. म्हणून वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडण्याचे जाळे, लावून लहान तुकडा घेरावा आणि गवत फार खाली गेलेले दिसताच कळप पुढे हलवावा. मोकळ्या पडलेल्या जमिनीत नवे तण सर्वांत आधी घुसते.

कळप दुसऱ्या तणकट माळावरून आला असेल, तर चार-पाच दिवस त्याला शेतात बसवून स्वच्छ चारा द्यावा, म्हणजे पोटातले बी तेथेच पडेल. लोकरीत अडकलेली शंकेश्वराची काटेरी फळेही हाताने काढावीत.

चराईनंतर त्या तुकड्यावर गवताला बी धरेपर्यंत एकही जनावर सोडू नये. मेंढपाळाशी बोलणी जूनपूर्वीच करावीत, मोबदला, पिण्याचे पाणी आणि रात्री वाडा बसण्याची जागा स्पष्ट ठरवावी, आणि चराईच्या दिवशी मुंबईहून स्वतः जाऊन कोणते तण चारायचे आणि कोणते टाळायचे हे त्याच्याबरोबर माळ फिरून पाहावे.