फॅमिलीसाठी मोठा कॅनव्हास तंबू घेताय? आधी वाळवायची जागा बघा

मोठा कॅनव्हास तंबू घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, किती माणसांचा घेऊ? माझ्या मते त्याच्याआधी दोन प्रश्न येतात. एक, हे धूड गाडीपर्यंत उचलून नेणार कोण, आणि दोन, ओला झाला की वाळत घालणार कुठे. पाच मीटर व्यासाचा गोल तंबू खांब, खुंट्या आणि खालच्या शीटसकट कोरडा असतानाच साधारण 30 ते 40 किलो भरतो, पाऊस प्यायला की आणखी जड. आणि कॅनव्हास म्हणजे शेवटी सुती कापडच, ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशी धरणारच, दमट गरम हवेत तर दोन-तीन दिवसांत काळे ठिपके दिसायला लागतात आणि ते एकदा कापडात मुरले की डाग तर जात नाहीच, पण कापडही हळूहळू कुजायला लागतं. म्हणून घरी परतल्यावर एक-दोन दिवसांत तो पूर्ण उलगडून वाळवायला गच्ची, अंगण, गॅरेज, नाहीतर निदान आडवे दोर बांधता येतील अशी एखादी खोली हवी. यातलं काहीच नसेल तर लहान साइज घ्या किंवा सरळ नायलॉन-पॉलिस्टरचा तंबू घ्या, खरंच सांगतोय. कॅनव्हास मला मनापासून आवडतो, पण वाळवायला जागा नसलेल्या घरात त्याची माती होते.

जागा आहे ना, मग साइजकडे या. पिशवीवर आठ माणसं, दहा माणसं असं लिहिलेलं असतं ते खांद्याला खांदा लावून पातळ मॅट टाकून झोपणाऱ्यांचं गणित असतं, त्यात बॅगा नाहीत, रात्री उठून बाहेर जायला वाट नाही. फॅमिलीसाठी तो आकडा निम्मा करा. गोल तंबूत 4 मीटर व्यास म्हणजे साधारण साडेबारा चौरस मीटर जागा, 5 मीटर म्हणजे साडेएकोणीस आणि 6 मीटर म्हणजे अठ्ठावीस, म्हणजे ऐकायला एकेक मीटरच वाढतोय पण जागा भराभर वाढते आणि वजनही तसंच वाढतं. आईवडील आणि दोन-तीन मुलं एवढ्यांना 5 मीटर मस्त पुरतो. तरी खात्री करायची असेल तर अडीच मीटरची दोरी घ्या, एक टोक मध्ये धरून दुसऱ्या टोकाला खडू बांधून जमिनीवर गोल काढा आणि तुमच्या खऱ्या गाद्या, बॅगा त्यात मांडून बघा. कडेचा पट्टा सोडून द्या, कारण तिथली भिंत जेमतेम दोन-अडीच फूट उंच असते, तिथे कुणी उभं राहू शकत नाही, सामान ठेवायला आणि पाय पसरायलाच ती जागा. आणि हो, दोर ताणायला तंबूच्या बाहेर चहूबाजूंनी आणखी दीडएक मीटर मोकळी जागा लागते, त्यामुळे काही कॅम्पसाइटवरच्या आखून दिलेल्या जागेत 6 मीटरचा तंबू बसतच नाही. बुकिंग करताना विचारून घ्या.

आकारात मुख्य भांडण गोल आणि चौकोनी यांचं. गोल म्हणजे बेल टेंट, मध्ये एकच खांब, दारापाशी छोटी कमान आणि सभोवती दोर. हा आकार जुना आहे, अमेरिकन लष्करातल्या हेन्री सिब्ली या अधिकाऱ्याने 1856 मध्ये शंकूसारख्या, मधल्या एका खांबावर उभ्या राहणाऱ्या तंबूचं पेटंट घेतलं होतं, आणि आजही तो टिकून आहे त्याला कारण आहे. वारा कुठूनही आला तरी त्याला अडायला सपाट बाजू मिळत नाही, आणि सवय झाली की दोन माणसं अर्ध्या तासात उभा करतात. तोटा म्हणजे मधला खांब नेमका जिथे गादी टाकावीशी वाटते तिथेच येतो आणि बहुतेकांना व्हरांडा नसतो, चिखलाचे बूट काढायला जागा नाही. लहान मुलं असतील तर दारापुढे ताणायचं वेगळं छत घ्याच. चौकोनी केबिन टाइप तंबूत भिंती जवळजवळ सरळ असतात, कोपऱ्यापर्यंत उभं राहता येतं, पलंग किंवा खाट लावता येते, पण वारा सपाट भिंतीवर आदळतो, त्यामुळे खुंट्या आणि दोर यांत कुचराई चालत नाही. दोन-तीन खोल्यांचे लांबट पॉलिकॉटनचे तंबूही मिळतात, मुलं मोठी असतील तर ते सोयीचे, फक्त उभे करायला वेळ काढून ठेवा. पहिल्यांदाच घेत असाल तर मी गोलच सुचवेन.

आता कापड, आणि इथे घाई करू नका. शंभर टक्के सुती कॅनव्हासचा गुण असा की ओला झाला की धागे फुगतात आणि वीण घट्ट होते, पाणी आत येत नाही, पण कोरडा असताना हवा आरपार जाते, त्यामुळे पाच माणसं रात्रभर श्वास घेतात तरी सकाळी छतावरून थेंब टपकत नाहीत. पॉलिकॉटन म्हणजे सुती आणि पॉलिस्टरची मिसळ, थोडं हलकं, लवकर वाळतं, कमी ताणतं-आकसतं, आणि हवा सुतीइतकी नाही तरी बऱ्यापैकी जाते. वाळवायची सोय जेमतेम असेल तर पॉलिकॉटन घ्या, बुरशी त्यालाही लागते पण जरा सवलत मिळते. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं त्यात सांगतात, चांगल्या फॅमिली तंबूंत साधारण 285 ते 360 असते. शनिवार-रविवारच्या ट्रिपांना 285 भरपूर झालं, महिनोन्‌महिने उभा ठेवायचा असेल तर 320-360. आकडा मोठा म्हणजे तंबू चांगला असं नाही, विरळ विणीचं जाड कापड घट्ट विणीच्या पातळ कापडापेक्षा लवकर गळतं, म्हणून कापड उजेडासमोर धरून वीण बघा. कापडाच्या आतल्या बाजूला चकचकीत रबरासारखा थर असेल तर तो ट्रकवर टाकतात त्या ताडपत्रीच्या जातीचा, पाणी अडवेल पण हवाही अडवेल, झोपायला तो नको.

तळाची शीट दोन प्रकारची असते, शिवलेली किंवा झिपने जोडलेली. शिवलेलीत किडे आणि पाणी यायला फट राहत नाही. तरीही मी झिपवालीच घेईन, कारण दोन पिशव्या होतात म्हणजे वजन वाटलं जातं, शीट वेगळी धुता-पुसता येते, आणि उकाड्यात भिंती गुंडाळून वर बांधल्या की आतून वारा खेळतो. शीट पीव्हीसीची, 500 जीएसएमच्या आसपास, आणि कडा चार बोटं तरी वर वळलेल्या हव्यात. खाली आणखी ताडपत्री टाकणार असाल तर ती तंबूच्या कडेच्या आत दुमडा, बाहेर राहिली की पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या खाली आणते.

बाकी दुकानात बघायच्या गोष्टी पटापट सांगतो. झिप जाड हवी, 8 किंवा 10 नंबरची, दोन्ही बाजूंनी उघडणारी, आणि ती दुकानातच दहा वेळा उघड-बंद करून बघा कारण मोठ्या तंबूत सगळ्यात आधी झिपच दगा देते. दाराखिडक्यांना मच्छरजाळी, वर शेंड्याजवळ जाळीचे झरोके, दोर बांधायच्या जागी दुहेरी कापड आणि दुहेरी शिवण. मधला खांब स्टीलचा. सोबत येणाऱ्या खुंट्या बऱ्याचदा बारीक तारेच्या असतात, त्या कडक जमिनीत वाकतात आणि मऊ मातीत उपटतात, म्हणून फूटभर लांबीच्या जाड स्टीलच्या खुंट्या आणि एक चांगला हातोडा वेगळा घ्या, रेतीत तर लांब-रुंद खुंट्याच लागतात. खुंटी ठोकताना डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवा, दोराला पकड मिळते.

नवीन तंबू थेट ट्रिपला नेऊ नका. घरीच उभा करा, पाइपने चांगला भिजवा, पूर्ण वाळू द्या, आणि असं दोन-तीनदा करा. सुईने पडलेली शिवणीची भोकं धागे फुगून बुजतात. पहिल्या वेळेला शिवणीतून थेंब आले तर घाबरू नका, तिसऱ्या भिजवण्यानंतरही धार येत असेल तर मात्र परत करा. ओलं कापड आकसतं, त्यामुळे पावसाची चिन्हं दिसली की झोपण्याआधी दोर थोडे सैल करा, नाहीतर रात्री सगळा ताण शिवणीवर आणि खुंट्यांवर येतो. धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. साबण-डिटर्जंटने वॉटरप्रूफिंग निघून जातं.

आगीबद्दल एकच पण अगदी कळकळीने, तंबूत कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, गॅस काही नेऊ नका, विझत आलेला असला तरी नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. हवा आरपार जाणारं कापड यातून वाचवत नाही. आगरोधक प्रक्रिया केलेला तंबूही पेटू शकतो, फक्त पसरायला वेळ लागतो. आत चूल पेटवायचीच असेल तर छताला धुराड्यासाठी कारखान्यातच बनवलेलं उष्णतारोधक भोक असलेला तंबू आणि त्यासाठीच बनवलेली धुराड्याची चूल हवी, सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि झोपण्याआधी ती पूर्ण विझवून राख बाहेर.

वापरलेला तंबू स्वस्तात मिळत असेल तर तो उभा करून दाखवायला सांगा, पिशवीतला बघून पैसे देऊ नका. आत जाऊन वास घ्या, कुबट आला तर घड्यांच्या रेषा आणि खालची कड नीट तपासा. मग शेंड्याजवळचं आणि कडेचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणा. थोडे काळे ठिपके असूनही कापड दम धरत असेल तर किंमत पाडून घ्यायला हरकत नाही, पण ताणल्यावर चरचर आवाज करून धागे सुटायला लागले तर तो कुजलेला आहे, त्याला ठिगळंसुद्धा टिकणार नाहीत.