पेसाख तोंडावर आला, या चुका टाळा

पुरीमचा सण झाला की पेसाखला, म्हणजे आपल्या ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणाला, एक महिना उरतो, आणि त्या महिन्यात मला दरवर्षी तेच फोन येतात. पंखे पुसून झाले, पडदे धुतले, माळा रिकामा केला, खिडक्यांच्या जाळ्या ब्रशने घासल्या. मी विचारते, हिंगाची डबी काढलीत का? पलीकडे शांतता.

पेसाखला घरात हामेत्स नको, पण धूळ म्हणजे हामेत्स नव्हे. गहू, जव, ओट्स, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांना पाणी लागून ती आंबली की हामेत्स. घराला चुना काढायची आपली जुनी रीत आहे, ती मला मनापासून आवडते. पण तीन आठवडे भिंतींवर घालवून स्वयंपाकघराला शेवटचे दोन दिवस द्यायचे, ही चूक सगळ्या चुकांची आई आहे. जिथे गहू जातो तिथून सुरुवात करा. ओट्यापासून बाहेर या, बाहेरून ओट्याकडे जाऊ नका.

आता हिंग. बाजारात मिळणाऱ्या हिंगाच्या पुडीत हिंग थोडाच असतो, बाकी डिंक आणि पीठ. कधी ते पीठ तांदळाचं असतं, पण बऱ्याचदा मैदा असतो. डबी फिरवून घटक वाचा, तिथे छापलेलं असतं. मी तर आठ दिवस हिंग वापरतच नाही. फोडणीला लसूण आहे, जिरं आहे, आमटी चांगली होते. सोया सॉसमध्ये गहू असतो. माल्ट व्हिनेगर आणि दुधात घालायची माल्टची पूड जवापासून होते. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतोच. शेवया, रवा, टोस्ट, खारी हे सगळ्यांना आठवतं, म्हणून त्यावर लिहीत नाही.

मसाल्याचं मात्र लिहायलाच हवं. मार्च-एप्रिल म्हणजे मिरच्या वाळवायचे आणि डंकावर मसाला कांडून आणायचे दिवस. आमच्या ठाणे-वसई पट्ट्यात त्याच डंकावर ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या कॅथलिक, शेजारणींचा बाटली मसालाही कांडला जातो, आणि त्यात भाजलेले गहू असतात. त्यांच्यानंतर तुमचा नंबर लागला तर तुमच्या मसाल्यात काय आलं ते कळणारही नाही. मी पेसाखपुरता पाव किलो मसाला घरीच मिक्सरवर करते. वर्षाचा मसाला सण झाल्यावर.

हे मी गिरणीत शिकले. लग्नानंतरचं माझं दुसरं-तिसरं वर्ष. सणात भाकरी लागतील म्हणून पाच किलो तांदूळ धुऊन, वाळवून कोपऱ्यावरच्या गिरणीत दिले. पीठ आणलं, नव्या डब्यात भरलं, वर फडकं बांधलं. सणाला दोन दिवस असताना सासूबाई म्हणाल्या, पीठ बघू कसं झालंय, एक भाकरी टाक. उकड काढली, मळली, परातीत थापायला घेतली. तांदळाच्या भाकरीची कड थापताना चिरते, ती बोटाने सांधत सांधत गोल वाढवावी लागते. ही कड चिरेच ना. गोळा रबरासारखा पसरत गेला आणि मी खूश, म्हटलं आज हात बसला. सासूबाईंनी बोटाने कड ओढून पाहिली, ती तुटली नाही, ताणली. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यात गहू आहे गं."

माझ्या आधी कुणाचे तरी गहू दळले होते. जात्याच्या पाळूत राहिलेलं गव्हाचं पीठ पहिल्या किलोभर दळणाबरोबर उतरतं, आणि तेच माझ्या डब्यात होतं. गिरणीवाल्याचा काही दोष नाही, मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. सगळं पीठ गेलं. नवी परात, नवा तवा, पेसाखसाठी घासून ठेवलेली उलथणी, सगळं माळ्यावर गेलं. सण दोन दिवसांवर, हातात पीठ नाही, तवा नाही. त्या रात्री एक वाजेपर्यंत मी तांदूळ मिक्सरवर थोडे थोडे फिरवून चाळत बसले होते.

तेव्हापासून पेसाखचं पीठ मी गिरणीत देत नाही. सकाळी पहिलं दळण आपलं असलं की चालतं, असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. चालत नाही. काल रात्रीचे गहू पाळूत असतातच. दोन किलो तांदूळ मिक्सरवर दळायला दोन तास लागतात. ते दोन तास नाहीत, असं म्हणणाऱ्या मुलींना मी सांगते, मग आठ दिवस भात खा.

भातावरून आठवलं. हल्ली तरुण मुलं इंटरनेटवर वाचून घरात भातच बंद करायला निघालेली असतात. तांदूळ आणि कडधान्यं न खाण्याची रीत अश्कनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यू लोकांची आहे. त्यांनी ती पाळावी. आपण बेने इस्राएल ज्यू कोकणात तांदळावर वाढलो, पेसाखलाही भात खात आलो. इस्रायलहून लोदची किंवा अश्दोदची पाहुणे मंडळी येतात तेव्हा त्यांच्या पाकिटांवर कधी कधी "फक्त किटनियोत खाणाऱ्यांसाठी" असं छापलेलं असतं. किटनियोत म्हणजे हेच, तांदूळ आणि कडधान्यं. ते आपल्यासाठी चालतं, फेकू नका. मात्र तांदूळ निवडल्याशिवाय घ्यायचा नाही. तीन वेळा निवडायचा, दिवसाउजेडी, ताटात पातळ पसरून, दाणा न् दाणा. गव्हाचा एखादा दाणा सापडतोच, तांबूस, मधे चीर असलेला. टीव्ही लावून तांदूळ निवडू नका.

आता घरी मात्सा, म्हणजे पेसाखची न आंबवलेली पोळी, करणाऱ्यांसाठी. सेदेरच्या, म्हणजे पेसाखच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटात आता बहुतेकांकडे खोक्यातला मात्सा येतो, पण पुण्यात 1874 साली छापलेल्या हगादात, म्हणजे सेदेरला वाचायच्या पुस्तकात, साड्या नेसलेल्या आपल्या बायका मात्सा करताना दाखवल्या आहेत, आणि अजून काही घरांत तो हात शिल्लक आहे. त्यांची नेहमीची चूक पाण्याची. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही इतकं तापलेलं असतं, आणि कोमट पाण्यात पीठ लवकर चढतं. म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी भरून रात्रभर निववायचं. माझी आई तांब्याच्या हंड्यात भरून, ओलं फडकं गुंडाळून खिडकीत ठेवायची, आणि त्या हंड्याला आम्हा पोरांना शिवू द्यायची नाही. तहान लागली तर माठ आहे, म्हणायची. दुसरी चूक म्हणजे सवयीने गहू धुऊन वाळवून दळणं. मात्साचे गहू धुवायचे नाहीत, नुसते निवडायचे. दळायला घरचं जातं किंवा नीट झाडून घेतलेली घरघंटी. पिठात मीठ नाही, तेल नाही. गोळा लहान घ्या, एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने भाजायचं. एकटीने सगळं करायचा हट्ट धरला की गोळा परातीत पडून राहतो.

भांडी. हगाला, म्हणजे भांडी उकळून पेसाखसाठी शुद्ध करणं. ते किटलीतलं गरम पाणी वरून ओतणं नव्हे. भांडं घासून कोरडं करायचं, चोवीस तास वापरायचं नाही, मग खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायचं, वर गार पाणी. सकाळी पोळ्यांची कणीक मळलेलं भांडं संध्याकाळी उकळून चालत नाही, कितीही घाई असली तरी. मातीची भांडी शुद्ध होत नाहीत, बाजूला ठेवा. कुकरची रबरी रिंग नवी घ्या, तिच्या खाचेत काय काय बसतं ते एकदा काढून बघा. पूर्वी सणाआधी कल्हईवाला दारात बसायचा. भाता चालला की पातेलं लाल व्हायचं, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि कापसाचा बोळा फिरला की तांब्यात चांदी उतरल्यासारखी दिसायची. आता तो शोधावा लागतो. मी अजून शोधते.

खजुराचा रस सेदेरच्या दिवशी सकाळी आटवायला घेऊ नका, तास न् तास जातात. थोरल्या मुलाला उपास आहे हे त्याला आधी सांगा. दप्तरांचे कप्पे उलटे करा. जे हामेत्स जाळायचं नाही ते विकायचं असतं, आणि ती खरी विक्री आहे, सिनेगॉगमध्ये वेळेवर कागद द्या. कपाटाला कुलूप लावलं म्हणजे विक्री झाली नाही.

आता हामेत्सच्या शोधाची रात्र, निसान महिन्याची चौदावी. पेसाखच्या आधीचा दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आला तर शोध गुरुवारी रात्रीच होतो, 2025 साली तसंच झालं आणि दोन घरं विसरली. शोधानंतर हामेत्स सोडल्याचं जे "कोल हमिरा" म्हणायचं, ते अरामी भाषेत आहे. कळत नसेल तर मराठीत म्हणा. आपण काय सोडतोय ते समजून म्हणायचं असतं, आणि हगादा तर मराठीत 1846 पासून छापलेला आहे. मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा आधीच एकत्र ठेवा. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवायचे असतात, म्हणजे चुरा सांडत नाही. आणि लपवणाऱ्याने दहाही जागा चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या. आमच्याकडे एका वर्षी नऊच सापडले, दहावा शिवणयंत्राच्या खणात होता, आणि मध्यरात्री अख्खं घर परत उपसलं. ती चिठ्ठी आता मी स्वतः लिहिते, आणि सकाळी तुकड्यांबरोबर त्याच आगीत टाकते.