पायथनची पॅकेजेस टाकायची कशी, आणि टाकल्यावर ती सापडत का नाहीत

पायथन शिकायला घेतलं की थोड्याच दिवसांत कुठेतरी लिहिलेलं येतं, "आता पांडाज इन्स्टॉल करा". पांडाज हे एक पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. तुम्ही करता, स्क्रीनवर सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं येतंही, आणि प्रोग्राम चालवला की तो म्हणतो असं मॉड्यूलच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय. पॅकेज आलेलं होतं हो, फक्त भलत्याच पायथनमध्ये जाऊन बसलेलं, कारण मशीनवर पायथन दोन होती आणि मला एकच माहीत होतं.

म्हणून इन्स्टॉल करायच्या आधी बघायचं की आपण टाकतोय कुठे. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे मी त्या तोंडाने म्हणतो तशा लिहितोय.

आधी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा, विंडोजवर असाल तर कमांड प्रॉम्प्ट. आता एक चूक जवळजवळ सगळे करतात ती सांगून ठेवतो, ओळीच्या सुरुवातीला तीन बाण दिसत असतील तर तुम्ही पायथनच्या आत शिरलाय, तिथे पिपची कमांड टाकली की सिंटॅक्स एरर येणार आणि तुम्हाला वाटणार आपलं स्पेलिंग चुकलं. एक्झिट लिहून पुढे रिकामा कंस, एंटर, आणि बाहेर या. पिप म्हणजे पॅकेज आणून बसवणारा प्रोग्राम, २०१४ मध्ये आलेल्या ३.४ व्हर्जनपासून तो बहुतेक ठिकाणी पायथनसोबतच मिळतो, वेगळा शोधत बसायला नको. बाहेर आलात की हे टाका:

पायथन डॅश-एम पिप डॅश-डॅश-व्हर्जन

मॅक आणि लिनक्सवर पायथनच्या जागी बहुतेक वेळा पायथन-३ लिहावं लागतं, विंडोजवर कधीकधी पायथन लिहिल्यावर थेट अ‍ॅप स्टोअरच उघडतं, तेव्हा नुसतं पीवाय लिहून बघा. उत्तरात एकच ओळ येते, पण कामाची आहे: पिपचं व्हर्जन, तो कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते, आणि कंसात तो कुठल्या पायथनचा आहे ते. नुसतं "पिप इन्स्टॉल" लिहायची सवय मी मोडली ती याचसाठी, कारण नुसता पिप कुठल्या पायथनचा धावून येईल याचा भरवसा नाही, पण "पायथन डॅश-एम पिप" म्हटलं की ज्या पायथनला हाक मारली त्याचाच पिप येतो.

पुढची पायरी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. नाव ऐकून नवीन माणूस घाबरतो आणि ही पायरी सोडून देतो, मीही सोडली होती. खरं तर हा प्रोजेक्टपुरता एक वेगळा फोल्डर, ज्यात त्या प्रोजेक्टची पॅकेजेस राहतात, बस. एका प्रोजेक्टला एखाद्या पॅकेजचं जुनं व्हर्जन लागतं, दुसऱ्याला नवं, आणि एका पायथनमध्ये एका वेळी एकच राहू शकतं, मग एकाचं नीट करायला गेलं की दुसरं मोडतं. शिवाय नवीन उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलात तर ते सरळ नाही म्हणतं, एक्स्टर्नली मॅनेज्ड असं काहीतरी लिहून येतं. त्यावर जबरदस्तीने टाकायचा एक ऑप्शन आहे, नावातच ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस असं लिहिलंय, तर नका वापरू. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लावून पिप चालवणं पण नको, सिस्टिमचे स्वतःचे प्रोग्राम त्याच पायथनवर चालत असतात.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पायथन डॅश-एम व्हीएन्व्ह डॉट-व्हीएन्व्ह

शेवटचं नाव तुमच्या मर्जीचं, डॉट-व्हीएन्व्ह ठेवायची रीत आहे इतकंच. उबुंटूवर इथे अडलं तर पायथन-३-व्हीएन्व्ह नावाचं सिस्टिमचं पॅकेज आधी टाकायला लागतं. आता हे चालू करायचं. विंडोजवर त्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरात अ‍ॅक्टिव्हेट नावाची फाइल आहे ती चालवायची, मॅक-लिनक्सवर बिन फोल्डरात असते आणि तिच्या नावाच्या आधी सोर्स लिहायचं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये लाल अक्षरांत स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही असं आलं तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे करा, सुरुवातीला तेच सोपं. जमलं की ओळीच्या सुरुवातीला कंसात फोल्डरचं नाव दिसायला लागतं. टर्मिनल बंद करून परत उघडलं की पुन्हा चालू करावं लागतं, हे लोक विसरतात आणि मग पॅकेज गेलं कुठे म्हणून शोधत बसतात.

आता खरं इन्स्टॉल, जे यातलं सगळ्यात सोपं काम आहे:

पायथन डॅश-एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

पिप हे पायपीआय म्हणजे पायथन पॅकेज इंडेक्सवरून आणतो. झाल्यावर "पिप लिस्ट" करून बघा (इथून पुढे मी थोडक्यात नुसतं पिप म्हणतोय, टाइप करताना आधी पायथन डॅश-एम लावायचंच), तुम्ही मागितलं एक आणि यादीत अनोळखी नावं दिसतील, सर्टिफाय, युआरएललिब-३ वगैरे. घाबरू नका, रिक्वेस्ट्सला ती लागतात म्हणून मागोमाग आली.

नावांचा घोळ मात्र नीट समजून घ्या. टाकताना पिलो, कोडमध्ये इम्पोर्ट करताना पीआयएल. टाकताना स्कायकिट-लर्न, कोडमध्ये एसकेलर्न. ओपनसीव्हीचं टाकायचं नाव ओपनसीव्ही-पायथन आणि कोडमध्ये सीव्ही-२, आता हे नवीन माणसाने ओळखायचं कसं! म्हणून इन्स्टॉलचं नाव अंदाजाने लिहू नका, त्या पॅकेजच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करा. पायपीआयवर कुणीही पॅकेज टाकू शकतं, आणि प्रसिद्ध नावात एखादं अक्षर बदलून त्यात घातक कोड घालून ठेवायचे प्रकार झालेत, एका टायपोने ते तुमच्या मशीनवर येऊ शकतं.

ठरावीक व्हर्जन हवं असेल तर नावापुढे जोडून दोन बरोबरची चिन्हं आणि आकडा, मध्ये स्पेस नाही. "इतकं किंवा त्यापुढचं" सांगायला मोठं-पेक्षाचं चिन्ह वापरणार असाल तर नावासकट सगळं डबल कोट्समध्ये लिहा, नाहीतर टर्मिनल त्या चिन्हाचा अर्थ फाइलमध्ये लिही असा घेतं आणि फोल्डरमध्ये विचित्र नावाची फाइल तयार होते. एरर पण येत नाही, त्यामुळे कळतही नाही.

रोजचं सांभाळणं फार नाही. कुठलं जुनं झालंय ते पिप लिस्टपुढे डॅश-डॅश-आउटडेटेड लावून दिसतं, इन्स्टॉलपुढे डॅश-डॅश-अपग्रेड लावलं की नवं येतं. पण चालतंय ते उगाच अपग्रेड करू नका, गरज पडली की करा. काढायला पिप अनइन्स्टॉल, फक्त मागोमाग आलेली पॅकेजेस तशीच राहतात, ती तो काढत नाही.

प्रोजेक्ट चालायला लागला की "पिप फ्रीझ"चं आउटपुट रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये साठवा, सगळी नावं व्हर्जनसकट त्यात येतात. दुसऱ्या मशीनवर नवं एन्व्हायर्नमेंट करून पिप इन्स्टॉल डॅश-आर आणि या फाइलचं नाव, झालं. एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर मात्र उचलून दुसरीकडे नेऊ नका, त्यात जुने पत्ते पक्के लिहिलेले असतात. बिघडलाच तर बिनधास्त डिलीट करून नवा करा, तुमचा कोड त्यात नसतो. नसतो ना? आत ठेवला असेल तर आधी बाहेर काढा.

एवढं करूनही मॉड्यूल सापडत नाही म्हणाला तर दोन गोष्टी बघा. एक, एडिटरमध्ये इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारं पायथन, कुठला निवडलाय, टर्मिनल एक पायथन वापरतंय आणि एडिटर दुसरं असं सर्रास होतं, यादीतून डॉट-व्हीएन्व्हवालं निवडायचं. दुसरं, तुमच्याच एखाद्या फाइलचं नाव पॅकेजचं तर नाही ना. मी एकदा सराव करायला फाइल केली आणि तिचं नाव पांडाज डॉट पीवाय ठेवलं, मग इम्पोर्ट पांडाज म्हटलं की पायथन खऱ्या पांडाजऐवजी माझीच फाइल उघडायचं. नाव बदललं आणि चालू झालं.