गोव्यात मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहताय? मॅनेजमेंटकडून काम कसं करून घ्यायचं

मी पर्वरीला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहते, सहा वर्षं झाली. बिल्डिंगी बऱ्याच आहेत, निम्मे फ्लॅट भाड्यानेच दिलेत, आणि पाणी, लिफ्ट, गळती, पार्किंग यावरून दर आठवड्याला कोणाचं तरी ऑफिसात भांडण असतंच. मी पण खूप भांडले, रडले सुद्धा. पण भांडून एकही काम झालं नाही, कामं झाली ती कागदामुळे, म्हणून जे कळलं ते सगळं लिहितेय.

पहिलं म्हणजे सोसायटीच्या हिशोबात भाडेकरूला मत नसतं. मेंबर ओनर, मत ओनरला. म्हणून ऑफिसात गेलं की उत्तर ठरलेलं, "तुमच्या ओनरला सांगा", आणि आमचे ओनर दुबईला, त्यांना फोन केला की ते म्हणणार "मी मेंटेनन्स भरतो ना, मॅनेजरला सांगा". ही टोलवाटोलवी मोडायची असेल तर दोघांना एकाच मेलमध्ये घ्यायचं, सोसायटीचा ऑफिशियल ईमेल आणि ओनर दोघेही, मग कोणी कोणावर ढकलू शकत नाही. फोनवर बोलणं झालं तरी लगेच दोन ओळी पाठवा, "आज सकाळी बोलणं झालं, तुम्ही शनिवारपर्यंत प्लंबर पाठवतो म्हणालात". एवढंच. राग, टोमणे, कॅपिटल अक्षरं काही नको. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची तक्रार ही तक्रार धरू नका, तिथे दहा जण अंगठा दाखवतात आणि संध्याकाळपर्यंत ती गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडली जाते.

तक्रार करण्याआधी काम कोणाचं ते ठरवा. तुमच्या बाथरूमचा नळ, गीझर, फ्लॅटच्या आतली वायरिंग हे ओनरचं (अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा, छोट्या रिपेअर बऱ्याचदा भाडेकरूवर टाकलेल्या असतात). टेरेस, बाहेरची भिंत, सामायिक पाईप, टाकी, लिफ्ट, जिन्यातले लाईट हे सोसायटीचं. आणि बिल्डरने अजून सोसायटीकडे ताबा दिला नसेल तर बिल्डरचं. नवीन कॉम्प्लेक्स असेल तर हे मुद्दाम बघा, कारण 2016 च्या रेरा कायद्यात (बिल्डर आणि फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा कायदा) ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असं आहे. फक्त त्या कायद्यात फ्लॅट घेणाऱ्याच्या व्याख्येतून भाडेकरूला बाहेर ठेवलंय, म्हणून गोवा रेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या ऑफिसकडे, तक्रार ओनरच्याच नावाने गेलेली बरी. फोटो, तारखा सगळं तुम्ही तयार करून द्या, त्यांनी फक्त सही करायची. ओनर आळस करतात ते बहुतेक वेळा कागद जमवायचा कंटाळा म्हणून, त्यांचाच फ्लॅट खराब होतोय हे त्यांनाही कळतं.

आता पुराव्याचं सांगते, कारण यानेच माझं काम झालं. दोन वर्षांमागे जुलैत आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली, आधी ताटाएवढा डाग, मग कपाटामागे काळी बुरशी, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीवर पण पांढरे ठिपके पडले. मॅनेजर म्हणाला ही दमट हवेची ओल, खिडकी उघडी ठेवा. खालच्या मजल्यावर एक काका राहतात, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, "पेन्सिल घे, डागाच्या कडेने रेघ मार आणि बाजूला तारीख घाल. मोठा पाऊस झाला की परत मार." चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) भिंतीवर सात रेघा झाल्या, झाडाच्या खोडात असतात तशा एकाबाहेर एक, आणि प्रत्येक रेघ जोराच्या पावसानंतरची. पाऊस उघडला त्या आठवड्यात डाग जागचा हलला नाही. दमट हवेची ओल असती तर अशी पावसाच्या तारखा बघून वाढली नसती. तो फोटो ओनरनी कमिटीला पाठवला, कमिटीचे दोघे टेरेसवर चढले, तर पाणी जायचं भोक पानांनी आणि सिमेंटच्या कचऱ्याने बुजलेलं आणि कडेचा वॉटरप्रूफिंगचा थर तडकलेला. भोक त्याच दिवशी मोकळं केलं, वॉटरप्रूफिंग पाऊस संपल्यावर झालं, ते ओल्यात करून उपयोगच नसतो. तुम्ही मात्र जुलैची वाट बघू नका, मे महिन्यातच टेरेस आणि पन्हाळी साफ केल्या का ते लेखी विचारा, चवथीच्या आसपास तर कारागीर मिळतच नाहीत.

दोन-तीन मेल करून पण हलत नाहीत तेव्हा ऑफिसं. नोंदलेली हाऊसिंग सोसायटी असेल तर ती 2001 च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली येते, तक्रार सहकार निबंधकांकडे, मुख्य ऑफिस पणजीला पाट्टोवर. इथेही मेंबर म्हणून ओनरची सही असली की वजन पडतं. सोसायटीला थेट आरटीआय घालायला जाऊ नका, सहकारी संस्था सरसकट आरटीआयखाली येत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलंय. पण निबंधक हे सरकारी ऑफिस आहे, कायद्याने त्यांना सोसायटीकडून मागवता येते ती माहिती तुम्ही त्यांच्याकडे मागू शकता.

सेप्टिक टँक भरून वाहत असेल तर मात्र ओनर, सोसायटी कोणाचीच वाट बघू नका. हा आरोग्याचा प्रश्न आहे, त्याला 1985 चा पब्लिक हेल्थ कायदा आहे, आपल्या भागाच्या हेल्थ सेंटरच्या हेल्थ ऑफिसरना लेखी द्या आणि एक प्रत पंचायतीला. दोन्हीकडे आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या, शिक्का नाही तर तुम्ही दिलंच नाही असं धरा. आणि पंचायत कुठली ते आधी विचारा, कारण पर्वरी दिसते शहरासारखी पण आहे पंचायतींत वाटलेली, कोण सुकूरात, कोण पेन्ह द फ्रान्समध्ये, कोण साल्वादोर द मुंदमध्ये, एकाच रस्त्याची पण दोन टोकं वेगळी निघतात. लाईटचं फॉल्ट असेल तर 1912, बिलावरचा कन्झ्युमर नंबर हाताशी ठेवा.

एकट्याने करू नका, हे मला उशिरा कळलं. आमच्याकडे मध्ये पोदेरला, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याला, गेटवरच अडवायला लागले, सिक्युरिटी म्हणून. म्हाताऱ्या माणसांनी सकाळी साडेसहाला पावासाठी चार माळे उतरून गेटवर जायचं, ते पण लिफ्ट बंद असताना. मी तीन वेळा सांगितलं, काही नाही. मग एका रविवारी दारोदार जाऊन सह्या घेतल्या, ओनर आणि भाडेकरू वेगळे न करता, नाव, फ्लॅट नंबर, सही. तेहतीस झाल्या. सोमवारी सेक्रेटरीला दिलं आणि गुरुवारी पोदेराची सायकल आत, भोंपूचा आवाज ऐकून शेजारच्या आजी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

एक चूक अजिबात करू नका, राग येऊन भाडं थांबवू नका. भाडं थकलं की विषय गळतीचा राहत नाही, तुमचा होतो, आणि घर खाली करायला सांगायला त्यांना आयतं कारण मिळतं. खर्च तुम्ही करणार असाल तर आधी ओनरचा लेखी होकार, मग बिल, मग भाड्यातून वळतं.

आणि फ्लॅट सोडताना डिपॉझिट अडकतं ते रंग आणि ओलीच्या डागांवरून. म्हणून आत राहायला याल त्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ओनरला पाठवा, कोपरे, सिंकखालचा भाग, खिडकीच्या चौकटी सगळं. सोडताना तसाच परत काढा, लाईटच्या मीटरचा फोटो घ्या, आणि चाव्या दिल्या की किती दिल्या ते लिहून घेऊन खाली सही घ्या.