वसंतातल्या बर्फापासून मिठाईवाल्यापर्यंत: गप्पा कशा वळवाव्यात

झाडांना पालवी फुटलीय आणि सकाळी खिडकीबाहेर बर्फ पडतोय, अशा दिवशी अनोळखी माणूससुद्धा आपणहून बोलतो. "काय ही हवा!" एवढ्यावर विषय संपवू नका. हवेबद्दलचं बोलणं दोन वाक्यांत आटपतं, कारण दोघांनाही तेच दिसत असतं. तेच शब्दांकडे वळवलं, तर आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी समोरच्याकडे हमखास निघतं.

सुरुवात डोळ्यांसमोरच्या गोष्टीने करा: "केवढे मोठे पुंजके पडताहेत!" वसंतातला बर्फ बहुधा शून्य अंशाच्या आसपास पडतो. स्फटिक ओलसर असल्यामुळे एकमेकांना चिकटतात आणि भुरभुरीऐवजी कापसासारखे पुंजके खाली येतात. जमीन आधीच तापलेली असली, तर दुपारपर्यंत वितळूनही जातात. फक्त समोरचा बागायतदार असेल तर आनंदाने बोलू नका. सफरचंद पूर्ण बहरात असताना पारा उणे २ अंशांच्या खाली गेला की फुलं मरायला लागतात आणि उणे ४ च्या सुमारास जवळजवळ सगळा बहर जातो. तिथे पहिला प्रश्न एकच: "बाग वाचली का?"

मग विचारा: "तुमच्या भाषेत अशा उशिराच्या बर्फाला वेगळं नाव आहे का?" समोरचा अडखळला तर आपल्याकडचं एखादं नाव पुढे करा. फिनिश लोक परतून आलेल्या थंडीला 'ताकाताल्वी' म्हणतात, म्हणजे मागचा हिवाळा. चिनी भाषेत 'दाओछुनहान', उलट फिरलेली वसंतातली थंडी. एकच नाव सांगा. पाच सांगितलीत तर ते व्याख्यान होतं आणि समोरच्याला आपलं नाव आठवायला उसंत मिळत नाही. बहुतेक गप्पा इथेच बिघडतात.

आता गोडाकडे वळायचं. जोडणारा दुवा खरा असावा, ओढूनताणून नको. सर्वांत सोपा दुवा 'बर्फी'. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारा, गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' हा निराळा शब्द आहे. मराठीत दोन्हीला बर्फच म्हणतो, त्यामुळे बर्फीच्या नावात हिम दडलंय हे पटकन लक्षात येत नाही. उत्तर अमेरिकेतल्या माणसाशी बोलत असाल तर 'शुगर स्नो' काढा, म्हणजे मेपलच्या रसाच्या हंगामात उशिरा पडणारा बर्फ. मेपल झाडाचा गोड रस रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असली की वाहतो. कळ्या उमलल्या की त्याची चव बिघडते. उशिराच्या बर्फाने कळ्या थांबतात, हंगाम लांबतो. एक लिटर पाकाला साधारण चाळीस लिटर रस आटवावा लागत असल्याने हे जादा दिवस मोलाचे असतात.

इथून मिठाईवाला एका पावलावर आहे. मात्र "मिठाईवाल्याला काय म्हणता?" असं मोघम विचारू नका, घोळ होतो. जर्मन 'कोंडिटर' प्रामुख्याने केक-पेस्ट्री करणारा. फ्रेंचमध्ये केकवाला 'पातिसिए' आणि गोळ्या-चॉकलेटवाला 'कॉन्फिझर', दोघे वेगळे. आपल्याकडेही हलवाई म्हटलं की कढईपाशी बसलेला माणूस दिसतो. मिठाईवाला नुसता विकणाराही असू शकतो. म्हणून प्रश्न फोडून विचारा: पाक कोण करतो? भाजतो कोण? दुकानात कोण बसतो?

उत्तर मिळालं की शब्दाची फोड करून बघा, खरी गंमत तिथेच आहे. 'हलवाई'च्या मुळाशी अरबी 'हलवा' आहे, अरबीत त्याचा भाऊ 'हलवानी'. फारसीतला मिठाईवाला 'कन्नाद' हा 'कंद'वरून आला, आणि 'कंद' म्हणजे आपलाच संस्कृत 'खंड', साखरेचा खडा. पोलिश 'त्सुकिएर्निक' आणि ग्रीक 'झाखारोप्लास्तिस' या दोघांतही साखर आहे, म्हणजे संस्कृत 'शर्करा'च. तुर्की 'शेकेर्जी'मधला 'जी' आपल्या 'वाला'चं काम करतो, मशालची-बावर्चीमध्ये तोच 'ची' होऊन आपल्याकडे बसलाय.

एक खबरदारी. हलवाई, बंगालीतला मयरा, गुजरातीतला कंदोई हे शब्द धंद्याबरोबर समाजाचे किंवा आडनावाचेही आहेत. आडनाव कंदोई असलेल्याला "म्हणजे तुमचं मिठाईचं दुकान?" असं विचारू नका. धंदा त्याने स्वतः सांगितला तरच त्या शब्दाकडे वळा.

समोरच्याने सांगितलेला शब्द एकदा त्याच्यासमोर मोठ्याने म्हणून दाखवा आणि उच्चार दुरुस्त करून घ्या. मग देवनागरीत टिपून ठेवा, खाली त्या दिवसाची तारीख आणि "बर्फ पडत होता" एवढंच. पुढच्या भेटीत हवेऐवजी त्याच शब्दाने बोलणं सुरू करता येतं.