ठेच्याचा खकाणा आणि छतावरची डबी: ओंटारिओतल्या पहिल्या हिवाळ्यासाठी

कॅनडातल्या ओंटारिओत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना बर्फाचे बूट कुठून घ्यावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. छताला लावलेल्या अलार्मच्या त्या पांढऱ्या गोल डबीविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. तिची पहिली ओळख बहुतेकांना फोडणीच्या वेळी होते, आणि माझीही तशीच झाली. मिसिसागामधल्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये ठेच्यासाठी मिरच्या परतत असताना ती कर्कश ओरडू लागली, म्हणून मी स्टुलावर चढून तिच्यावर शॉवर कॅप चढवली, आणि ती पुढे तीन आठवडे तशीच राहिली. ती डबी धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही इशारा देणारी होती, हे नोव्हेंबरात घरमालक घर गरम ठेवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, पाहायला खाली आले आणि वर पाहून अवाक झाले, तेव्हा मला कळले.

आपली अडचण अशी की, गॅसच्या बाबतीत आपण नाकावर विसंबायला शिकलो आहोत. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तसाच तो इथल्या पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूलाही दिलेला असतो, त्यामुळे काही बिघडले तर वास येईलच, ही समजूत पक्की झालेली असते. कार्बन मोनॉक्साइड हा गळलेला गॅस नव्हे. इंधन अपुऱ्या हवेत अर्धवट जळले की तो तयार होतो आणि त्याला रंग, वास, चव काहीच नसते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या ज्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचतो, त्यांमागे हाच वायू असतो. इथे गिझरच्या जागी फर्नेस आणि गरम पाण्याची टाकी असते, आणि न्हाणीघराच्या जागी कित्येक महिने खिडक्या बंद असलेले अख्खे घर.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, गळून जाणे ही लक्षणे फ्लूसारखीच वाटतात; फरक असा की सहसा ताप नसतो, घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर पडल्यावर बरे वाटू लागते. मुलांना भेटायला भारतातून आलेले आईवडील थंडीमुळे दिवसभर घरातच असतात, त्यामुळे त्यांच्या अंगात तो सर्वांत जास्त भिनतो, आणि त्यांची तक्रार ‘इथली हवा मानवत नाही’ म्हणून सोडून दिली जाते. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नका. त्याला या वायूने व्यापलेले रक्त ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो खुशाल ९८ दाखवतो.

२००८ मध्ये ओंटारिओतल्याच वुडस्टॉक शहरात हॉकिन्स कुटुंबातले चौघे या वायूने गेले. फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला होता आणि घरात अलार्म नव्हता. त्यानंतर झालेल्या प्रयत्नांतून २०१३ मध्ये कायदा झाला आणि १५ ऑक्टोबर २०१४ पासून, इंधनावर चालणारे उपकरण किंवा जोडून गॅरेज असलेल्या घरांत झोपण्याच्या खोल्यांजवळ अलार्म बंधनकारक झाला; १ जानेवारी २०२६ पासून अशा घरांत तो प्रत्येक मजल्यावर लागतो. भाड्याच्या घरात तो बसवणे आणि चालू ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे मागताना संकोच करू नये. उलट, भाडेकरूने तो काढणे किंवा निकामी करणे हा गुन्हा आहे, म्हणजे माझी शॉवर कॅपही त्यातच मोडत होती. अलार्मच्या मागे बदलण्याची तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल, तर बटण दाबल्यावर आवाज आला तरी त्यावर विसंबू नये.

बर्फ पडल्यावर पहिले काम गाडी मोकळी करण्याचे नसून घराच्या बाजूची भिंत पाहण्याचे आहे. नव्या फर्नेसचा धूर छतावरून न जाता भिंतीतून निघालेल्या प्लास्टिकच्या पाइपमधून बाहेर पडतो, आणि तो पाइप अनेकदा जमिनीपासून हात-दीड हातच उंच असतो. नवा माणूस उत्साहाने फावडे मारतो आणि बर्फाचा ढीग नेमका त्याच भिंतीला लावतो. गाडी गरम करायची असेल तर आधी गॅरेजबाहेर काढावी. दार उघडे आहे म्हणून आत इंजिन चालू ठेवणे पुरेसे सुरक्षित नाही. डिसेंबर २०१३ च्या बर्फवादळात टोरोंटो परिसरात ऐन थंडीत लाखो लोकांची वीज गेली, तेव्हा घरात कोळशाचे बार्बेक्यू आणि गॅरेजमध्ये जनरेटर लावून अनेकांनी विषबाधा ओढवून घेतली. आपल्याकडे शेगडी घरात पेटवण्याची सवय आहे, पण ती फटींतून वारा खेळणाऱ्या घरांची सवय आहे. वास्तुशांतीचा होम करायचाच असेल, तर खिडक्या सताड उघड्या ठेवून छोटा करावा.

धुराचा इशारा तीन-तीन ठोक्यांचा असतो आणि या वायूचा चार-चार ठोक्यांचा. चार ठोके ऐकू आले की खिडक्या उघडत न बसता सर्वांनी बाहेर पडावे, बाहेरून ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा आणि अग्निशमन दलाने सांगेपर्यंत आत जाऊ नये. कोणाला काही होत नसले तरी असेच करावे, कारण वायूचे प्रमाण कमी असेल तर अलार्म तासाभराने किंवा त्याहूनही उशिरा वाजतो आणि तोवर तो अंगात भिनलेला असतो.

राहिला प्रश्न फोडणीचा. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून घरातच सोडतो, हे आधी पाहावे. बेसमेंटमध्ये बहुधा दुसराच प्रकार असतो. मिरच्या तव्यावर टाकण्याआधी खिडकी उघडावी, खोट्या इशाऱ्यावर डबीवरचे आवाज थांबवण्याचे बटण दाबावे आणि तरीही भागले नाही, तर घरमालकाला ती स्वयंपाकघरापासून लांब, झोपण्याच्या खोलीच्या दारापाशी लावायला सांगावे.