काळ्या खिडकीला मराठी शीर्षक कसे द्यावे

रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यांच्या पेढीवर एकाच संगणकावर बिले, गाड्यांची नोंद आणि बॅकअप अशा तीन बॅच फाइली (विंडोजच्या आज्ञा ओळीने चालवणाऱ्या साध्या मजकूर फाइली) एकदम चालू असल्या, की टास्कबारवर तिन्ही काळ्या खिडक्या सारख्याच दिसतात आणि घाईत नेमकी भलतीच बंद होते. प्रत्येकीला लक्षात राहील असे शीर्षक द्यावे.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘टायटल’ ही आज्ञा रोमन लिपीत लिहावी व पुढे नाव टाकावे. अवतरणचिन्हे घालू नयेत, ती शीर्षकातही उमटतात. नाव रोमन असेल तर काम संपले.

‘भाऊ, आठे हात लावू नका’ असे खास अहिराणी शीर्षक हवे असेल, तर मात्र खरी कसोटी लागते; मला सर्वांत जास्त याच टप्प्याने छळले. फाइल जतन करताना एन्कोडिंगच्या (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या) चौकटीत जुनी ‘आन्सी’ ठेवली, तर देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. म्हणून तिथे यूटीएफ-8 निवडावे, पण ‘विथ बॉम’ असे लिहिलेला पर्याय कटाक्षाने टाळावा, कारण त्याने फाइलीच्या आरंभी अदृश्य खूण बसते आणि पहिलीच आज्ञा ओळखता येत नसल्याची तक्रार येते. त्यानंतर खिडकीचे कोडपेज, म्हणजे अक्षरे वाचण्याचा तक्ता, यूटीएफ-8 करणारी ‘सीएचसीपी 65001’ ही आज्ञा (तीही रोमन लिपीत) शीर्षकाच्या वर, स्वतंत्र ओळीवर द्यावी. दोन्ही आज्ञा & ने जोडून एकाच ओळीत लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो साफ चुकीचा आहे, कारण ती अख्खी ओळ जुन्याच कोडपेजने आधी वाचली गेलेली असते. आत काळ्या भागात चौकोन दिसले तरी फॉन्ट बदलत बसू नये. शीर्षकपट्टी विंडोज स्वतः रंगवते, तिथे अक्षरे नीट दिसतात.

‘केळी & कापूस’ असे लिहिल्यास & पुढचा शब्द वेगळी आज्ञा समजला जातो, म्हणून ^& लिहावे. टक्केचिन्ह दोनदा द्यावे.

अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या खिडकीत तो शब्द शीर्षकाआधी येतोच. तो या आज्ञेने निघत नाही. विंडोज टर्मिनलमधल्या अरुंद टॅबवर तर नावाचा शेवट कापला जातो, तेव्हा ‘केळी बिले’, ‘केळी गाड्या’ अशी नावे न देता ‘बिले केळी’, ‘गाड्या केळी’ अशी द्यावीत.